सुन्न केलेला गुडघा

रत्नागिरी स्टेशनवर तो उतरला तेव्हा त्याच्या दोन्ही काखांत कुबड्या होत्या, डाव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा आवळलेला होता आणि त्याच्या दोन मोठ्या बॅगा मी ओढत होते. रिक्षावाल्याने त्या उंच, गोऱ्या, दाढी वाढलेल्या माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "साहेब क्रिकेटचे का, मॅडम?"

"फुटबॉलचे."

"लागलं वाटतं खेळताना."

"लागलं नाही. लावलंय," मी म्हणाले. माझा आवाज ऐकून त्याने पुढे काही विचारलं नाही. पाहुण्याला मागच्या सीटवर पाय लांब करून आडवं बसवलं, आणि बॅगा घेऊन मी दुसरी रिक्षा केली. मांडवीपर्यंत मी एकटीच मनात भांडत होते. कोणाकोणाशी ते पुढे सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मांडवीत जन्मले, रत्नागिरीत शाळा-कॉलेज केलं, बाहेर शिकले आणि शेजारच्या राज्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात नोकरीला लागले. क्लबचं नाव लिहीत नाही, कोणाचंच लिहीत नाही. नावं लिहिली तर लोक नावांवर बोलत बसतात आणि गुडघा राहतो बाजूला.

तो उरुग्वेचा. वय चौतीस, जागा सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, गोलकीपरच्या पुढ्यात. आमच्या क्लबात तो आला तेव्हा बातमी अर्ध्या बोटाएवढी छापून आली होती. त्याच वेळी आलेल्या ब्राझीलच्या स्ट्रायकरला विमानतळावर ढोल होते. बचाव करणाऱ्याचं असंच असतं. त्याने उत्तम खेळ केला की काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याबद्दल टाळ्या कोण वाजवणार? मी पहिल्या सरावालाच पाहिलं, तो धावत फार कमी होता. बॉल जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभा असायचा. आमची विशी-बाविशीतली पोरं चुकली की तो ओरडायचा नाही, नुसता हात वर करून दाखवायचा, दोन पावलं डावीकडे. तीही त्याचं मुकाट ऐकायची.

हंगामाच्या मध्यावर त्याचा गुडघा सुजायला लागला. मी तपासलं, एमआरआय करून घेतला. सांध्यातली गादी फाटलेली होती आणि हाडावरची कूर्चा झिजून पातळ झाली होती. क्लबच्या डॉक्टरांना, कोचला आणि मॅनेजरला मी लेखी अहवाल दिला आणि समोर बसवून सांगितलं, "ह्याला आता खेळवायचं नाही. विश्रांती द्या, मग ऑपरेशनचं बघा."

डॉक्टरांनी मान हलवली. कोचने खिडकीबाहेर पाहिलं. मॅनेजर मराठीच होता, पुण्याकडचा. तो म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे दुसरा सेंटर बॅक कुठाय?"

"ते मी कशी सांगणार?"

"मग तुम्ही पट्ट्या बांधा. खेळवायचं की नाही ते आम्ही ठरवतो."

आणि त्यांनी ठरवलं. प्रत्येक मॅचआधी त्याला डॉक्टरांच्या खोलीत नेत, दार लावून घेत, आणि बाहेर येताना तो लंगडत नसे. सांध्यात बधिर करायचं औषध भरलं की दुखणं जाणवत नाही. पण दुखणं हेच तर शरीराचं ओरडणं असतं. ते बंद केल्यावर माणूस फाटलेल्या गादीवर उड्या मारत राहतो आणि त्याला पत्ता नसतो. हे मी त्याला सांगितलं, इंग्रजीत, हळूहळू, चित्र काढून. तो हसला. "मला माहीत आहे," म्हणाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचा राग आला.

लीगच्या शेवटच्या टप्प्यातली मॅच होती. आमचा संघ एका गोलने पुढे, वेळ संपत आलेली. समोरचा स्ट्रायकर पाठीमागून निसटला, हा त्याच्याबरोबर वळला, आणि डावा पाय जमिनीत रुतल्यासारखा जागेवर राहिला. वरचं शरीर वळलं, गुडघा वळला नाही. तो पडला तेव्हा त्याच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही, कारण त्याला दुखतच नव्हतं. आपण का पडलो हे त्यालाच कळत नव्हतं. तो उठायला गेला आणि पुन्हा पडला. तेवढ्यात गोल झाला. स्टेडियममधले आमचेच लोक शिट्ट्या मारायला लागले. मी पेटी घेऊन धावत गेले तेव्हा तो गवतावर बसून स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता, एखाद्या परक्या वस्तूकडे बघावं तसा.

मॅचनंतर कोच कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "काही परदेशी खेळाडूंमध्ये आता जिगर उरलेली नाही." मी त्याच्या मागेच उभी होते.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी बोलले. सगळं बोलले. खोलीचं दार, सुई, माझा अहवाल, आणि जिगर. कोच लाल झाला. डॉक्टर म्हणाले, खेळाडूच्या संमतीशिवाय काही केलेलं नाही. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या हंगामासाठी माझी गरज नसल्याचं त्याच आठवड्यात कळवलं. पाहुण्यालाही राहती जागा सोडायला सांगितली. लिगामेंट तुटलेलं, गुडघा नारळाएवढा सुजलेला, आणि ह्याला बाहेर काढतायत! ऑपरेशन त्याला स्वतःच्या देशात, ओळखीच्या सर्जनकडून करून घ्यायचं होतं. पण तेवढ्या सुजेवर इतका लांबचा विमानप्रवास केला तर पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती होती. मी घरी फोन लावला.

"बाबा, एका खेळाडूला घेऊन येतेय. काही दिवस राहील."

"कुठला?"

"उरुग्वेचा."

बाबा फोनवर ओरडलेच, "माँतेविदेओ! आण आण. लगेच आण."

माझे बाबा जन्मभर जहाजावर होते, इंजिनरूममध्ये. आमच्या आळीतले निम्मे पुरुष तसेच. लहानपणी मला जगाचा नकाशा बाबांनी कुठून काय आणलं त्यावरून पाठ झाला होता. माँतेविदेओच्या बंदरात त्यांचं जहाज एकदा दुरुस्तीसाठी बरेच दिवस अडकलं होतं. तिथलं मांस, तिथला वारा आणि तिथे शिकलेले मोजके स्पॅनिश शब्द हा त्यांच्या गप्पांचा ठेवा होता. ऐकायला मात्र कोणी उरलं नव्हतं, आई आणि मी तर सगळं कोळून प्यालो होतो. आता खुद्द तिथलाच माणूस आमच्या पडवीत, बाबांच्या खाटेवर, पाय उशीवर ठेवून पडला होता.

दोघांची दोस्ती जमायला वेळ लागला नाही. बाबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून ते डावा कान पुढे करून बसत आणि मोठ्याने बोलत. त्यामुळे पाहुणाही मोठ्याने बोले. सगळ्या आळीला अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश ऐकू जायचं. तो सकाळी भोपळ्याच्या छोट्या भांड्यात कसलासा कडू पाला भरून वर गरम पाणी ओतायचा आणि धातूच्या नळीने ओढत बसायचा. आईला वाटलं, काढा आहे, गुडघ्यासाठी असेल. तिने विचारलं, "अगो, ह्याच्यात सुंठ घालू का?" मी सांगितलं, तो त्यांचा चहा आहे. "मग दूध नाय घालत?" आईला त्याची फार दया आली.

मी त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याखाली ठेवायचा आणि मांडी आवळून तो दाबायचा. पाय सरळ वर उचलायचा. बर्फ लावायचा. पुन्हा. एवढा धिप्पाड माणूस, पण डावी मांडी बघता बघता सुकली होती. घामाने ओला व्हायचा, तक्रार नाही. मधल्या वेळात तो बाबांना आपली गोष्ट सांगायचा, आणि मी कानावर पडेल तेवढी ऐकायचे.

नदीकाठच्या एका छोट्या गावात जन्म. बाप कत्तलखान्यात कामाला. त्यांच्याकडे पोरं चालायला लागली की फुटबॉलच्या संघात घालतात म्हणे, प्रत्येक वाडीचा संघ. हा उंच आणि सावकाश, म्हणून मागे उभा केला, तो कायमचाच. तेराव्या वर्षी राजधानीतल्या क्लबने नेला. राहायची जागा स्टेडियमच्या पायऱ्यांखाली, वर मॅच सुरू झाली की छतातून पोपडे पडायचे. आई दर रविवारी गावातल्या दुकानात फोन घ्यायला यायची आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. तिथून वरच्या लीगमध्ये. देशाच्या तरुणांच्या संघात एकदा बोलावणं आलं, तो संघाचा निळा शर्ट घालून बाकावर बसला, मैदानात उतरायची वेळ आली नाही. मग पॅराग्वे. मग इक्वाडोर, डोंगरात इतक्या उंचीवर की पहिल्या आठवड्यात पळताना नाकातून रक्त यायचं. मग ग्रीसमधला दुसऱ्या दर्जाचा क्लब, सायप्रस, मलेशिया, आणि आम्ही.

"प्रत्येक ठिकाणी काय शिकलास?" बाबांनी विचारलं.

"सॉरी कसं म्हणायचं ते," तो म्हणाला. "बचाव करणाऱ्याला तो शब्द आधी लागतो."

बाबा खो खो हसले. मला हसू आलं नाही.

एकदा मी त्याचा पाय वाकवत असताना बाबांनी सहज विचारलं, "पहिली सुई कधी घेतलीस?"

"एकोणिसाव्या वर्षी. घोट्यात. डर्बी मॅच होती, गावातल्याच दुसऱ्या क्लबाशी." त्याच्या आवाजात अभिमान होता. बढती मिळाल्याचं सांगावं तसा तो सांगत होता. "नंतर गुडघा, कंबर, एकदा पायाचा अंगठा. जिथे जावं तिथे डॉक्टर असतोच."

मी त्याचा पाय खाली ठेवला. "आणि तू दर वेळी हो म्हणालास?"

"हो."

"का? तोंड नव्हतं तुला? त्यांनी तुझा गुडघा नासवला आणि तू गंमत सांगितल्यासारखा सांगतोयस! मी तिथे सगळ्यांशी भांडत होते तेव्हा तू हसत होतास. तुझ्यासाठी भांडत होते मी!"

त्याने पाय हाताने उचलून पुन्हा उशीवर ठेवला. मग म्हणाला, "माझ्या मागे दुसरा मुलगा बूट बांधून उभा होता. एकोणीस वर्षांचाच. मी नाही म्हणालो असतो तर तो हो म्हणाला असता. मग माझी गोष्ट माँतेविदेओच्या बंदरापुढे गेलीच नसती."

"म्हणजे ते बरोबर होते?"

"नाही. ते हरामखोर होते. पण मला खेळायचं होतं."

मी आत निघून गेले. स्वयंपाकघरात आई बांगडे साफ करत होती. मी तिच्यासमोर नुसती धुमसत उभी राहिले. मागून बाबा आले, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"त्याला कशाला ओरडतेस? माझा हा कान कसा गेला माहिताय ना तुला?"

"वयाने."

"वयाने नाय. इंजिनच्या आवाजाने. कानाला लावायची बोंडं मागितली तर चीफ म्हणायचा, नाजूक असशील तर घरी जा. मी नाय मागितली पुन्हा. पुढच्या बोटीवर माझं नाव नसतं लागलं. तू तेव्हा शाळेत होतीस."

हे बाबांनी कधीच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. विळीवरचे तिचे हात थांबले होते. मला बाबांचा राग आला, पाहुण्याचा आला, त्या कोण्या चीफचा आला, आणि जगभर बूट बांधून रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचा आला. तो कुठे ठेवावा कळेना, म्हणून मी आईच्या हातातून बांगडे ओढून घेतले आणि स्वतः साफ करत बसले.

आळीत तोपर्यंत काय काय चाललं होतं ते वेगळंच. लग्न न झालेली मुलगी परदेशी बाप्या घेऊन आलीय, मग लोक गप्प कसे बसणार? त्याकडे मी लक्ष दिलं नाही. पण एका दुपारी आमच्या लांबच्या नात्यातला एक गृहस्थ चहाला आला. खुर्चीत बसला, पडवीतल्या पाहुण्याकडे एकदा पाहिलं, आणि खिशातून मोबाईल काढला.

"हा तोच ना गो?"

त्याच्या मोबाईलवर ती क्लिप होती. पाहुणा वळतो, पडतो, उठतो, पुन्हा पडतो, मागे कोणीतरी हसण्याचा आवाज आणि टिनपाट संगीत घातलेलं. लाखो लोकांनी पाहिलेली. गृहस्थ हसायला लागला आणि मोबाईल वळवून पाहुण्यालाच दाखवायला निघाला.

मी उठायच्या आत आई बाहेर आली. माझ्या आईने कधी कोणाला वाकडा शब्द बोललेला मी ऐकलेला नाही. तिच्या हातात चहाचा कप होता. तो तिने गृहस्थासमोर ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिली.

"माझ्या घरात पडलेल्या माणसाला हसायला आलास काय रे? बंद कर ते. आणि ऊठ."

"अहो काकू, मस्करी..."

"ऊठ म्हटलं ना!"

तो उठला. चप्पल घालताना काहीतरी पुटपुटला. आईने तो कप तसाच नेऊन पाहुण्याच्या हातात दिला. तो दुधाचा चहा त्याने पहिल्यांदाच पूर्ण संपवला.

सूज उतरत आली तेव्हा मॅनेजरचा फोन आला, माझ्या नाही, पाहुण्याच्या मोबाईलवर. क्लबला त्याचा निरोपाचा व्हिडिओ करायचा होता. सोशल मीडियावर टाकायला. त्यात त्याने चाहत्यांचे आभार मानायचे, आणि एक वाक्य सांगायचं, की दुखापत जुनी होती आणि मी ती क्लबपासून लपवली. ते सांगितलं की क्लब त्याला करारातून मोकळं करणार. क्लबने मोकळं केल्याशिवाय त्याला दुसऱ्या कुठल्याच क्लबशी बोलता येत नव्हतं, आणि आपण ऑपरेशननंतर गावच्या संघाकडून एक हंगाम खेळू, अशी त्याला अजून आशा होती.

"तू हे करणार नाहीस," मी म्हणाले.

"त्याला येऊ दे," तो म्हणाला.

"म्हणजे करणार?"

"येऊ दे." आणि तो टॉवेल दाबायला लागला.

मॅनेजर आला, कॅमेरावाल्याला घेऊन. आईने त्याला पाणी दिलं, चहा विचारला नाही. त्याला मागे समुद्र हवा होता, म्हणून सगळी वरात मांडवीच्या किनाऱ्यावर गेली. बाबा काठी टेकत मागे आले. काळ्या वाळूत एक प्लास्टिकची खुर्ची मांडली, पाहुण्याला क्लबचा शर्ट घातला, कुबड्या कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा लांब नेऊन ठेवल्या. त्या कुबड्या मॅनेजरने स्वतः उचलल्या तेव्हा मी पुढे झाले.

"त्या राहू देत जवळ. त्याला उठायचं झालं तर?"

"दोन मिनिटांचं काम आहे. तू मध्ये पडू नकोस," मॅनेजर म्हणाला. माझी नोकरी गेल्यावर 'मॅडम' पण गेलं होतं.

पाहुण्याने इंग्रजीत चाहत्यांचे आभार मानले. मग म्हणाला, "पुढचं मला इंग्रजीत नीट जमणार नाही. माझ्या भाषेत सांगतो. तुम्ही खाली अक्षरं लिहा."

मॅनेजर खूश झाला. "बेस्ट. तुमच्याकडचे लोकही बघतील."

मग तो स्पॅनिशमध्ये बोलला. शांत, हसऱ्या चेहऱ्याने, कॅमेऱ्याकडे बघत, सावकाश. मी दात आवळून समुद्राकडे बघत होते. ह्या माणसासाठी मी नोकरी घालवली आणि हा त्यांचं पढवलेलं बोलतोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बोलणं संपल्यावर मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारली. घरी परतताना बाबांनी मला बाजूला ओढलं.

"सुई म्हणाला तो."

"काय?"

"दोनदा म्हणाला. आणि गुडघा. आणि दार. माझा चांगला कान होता त्याच्या बाजूला." त्यांचे डोळे चमकत होते. "पढवलेलं नाय ते, पोरी. त्याने सगळं सांगितलं!"

मी पाहुण्याकडे वळले. तो कुबड्यांवर झुलत येत होता. "काय सांगितलंस?" मी विचारलं.

"जे झालं ते. दार लावायचे, सुई टोचायचे, फिजिओ नको म्हणत होती. तिचं ऐकलं नाही, असं. आणि मीसुद्धा ऐकलं नाही, असं."

मी त्याच्या पुढे चालत राहिले, कारण माझा चेहरा त्याला दाखवायचा नव्हता.

क्लबने दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाकला. खाली इंग्रजी अक्षरं स्वतःच्या मनाने लिहिली होती: मी दुखापत लपवली, क्लबची माफी मागतो. दुपारपर्यंत त्याच्या देशातले लोक खाली लिहायला लागले. त्याचे जुने सोबती, गावचे लोक, पॅराग्वेचा एक गोलकीपर. हा माणूस काय बोलतोय आणि तुम्ही खाली काय लिहिलंय? क्लबने आधी प्रतिक्रिया बंद केल्या, मग व्हिडिओ काढून टाकला. मॅनेजरने मला फोन केला.

"हे तूच शिकवलंस त्याला."

"मला स्पॅनिश येत नाही," मी म्हणाले. "तुम्हालाही येत नाही, हे बरं झालं."

पण लगेच सगळं मनासारखं झालं, असं कोणाला वाटायला नको. इथल्या वर्तमानपत्रांनी ती खोटी अक्षरंच बातमी म्हणून छापली, आणि चूक कोणी दुरुस्त केली नाही. त्याच्या देशातल्या खेळाडूंच्या संघटनेने क्लबच्या मागे तगादा लावला म्हणून तेवढा तो मोकळा झाला. आईने त्याच्याबरोबर आंबापोळी दिली, बाबांनी आपली जहाजावरची जुनी लोकरी टोपी दिली. स्टेशनवर त्याने मला मिठी मारली आणि रत्नागिरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ती पाहिली. पाहू देत.

तिकडे ऑपरेशन झालं. सर्जनने लिगामेंट नवीन बसवलं, पण कूर्चा उरलेलीच नव्हती. गावच्या संघाकडून तो कधी खेळला नाही. एकही मॅच नाही. आता तो जनावरं नेणारा ट्रक चालवतो, आणि डाव्या पायाने क्लच दाबवत नाही म्हणून बिनक्लचचा ट्रक मिळेपर्यंत त्याला वर्षभर घरी बसावं लागलं. हे तो बाबांना व्हिडिओ कॉलवर हसत सांगतो. बाबा डावा कान मोबाईलला लावतात, त्यामुळे त्याला समोर फक्त बाबांचा कान दिसतो.

कोच आता टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसतो. मॅनेजरला वरची जागा मिळाली. माझा राग निवेल असं लोक म्हणायचे. कशाने निवेल?

गेल्या वर्षी रत्नागिरीत एका कॉलेजच्या सभागृहात क्रीडावैद्यकाची कार्यशाळा झाली. मी आता इथेच क्लिनिक चालवते, म्हणून मलाही बोलावणं होतं. मुख्य वक्ते म्हणून मंचावर कोण येऊन बसलं? तेच डॉक्टर. विषय होता खेळाडूंची काळजी. ते छान बोलले. पडद्यावर गुडघ्याची रंगीत चित्रं दाखवली. प्रश्नोत्तरं सुरू झाली तशी मी उभी राहिले. माईक हातात आला.

"डॉक्टर, फिजिओने लेखी नको म्हटलेल्या खेळाडूला दार लावून इंजेक्शन देणं, हे तुम्ही कुठल्या काळजीत बसवता?"

त्यांनी मला ओळखलं. चष्मा काढून पुसला. "प्रत्येक केस वेगळी असते. हे त्याचं व्यासपीठ नाही."

"मग व्यासपीठ कुठाय ते सांगा, मी तिथे येते. ज्याच्या गुडघ्यात तुम्ही औषध भरलंत तो आज क्लच दाबू शकत नाही. तुम्ही त्याला एकदा तरी फोन केलात?"

माईक बंद झाला. कोणी केला माहीत नाही. मी जहाजावरच्या माणसाची मुलगी आहे, बहिऱ्या कानाशी बोलून मोठी झाले. मला माईक लागत नाही. उरलेलं मी तसंच बोलले, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. आयोजक धावत आले, ताई, ताई, बसा ना, असं म्हणायला लागले. डॉक्टर कागद गोळा करून आत गेले. मग चहाची सुट्टी जाहीर झाली आणि माणसं बिस्किटं घ्यायला उठली, जणू काही झालंच नाही.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. एक बाई माझ्याजवळ आली, पंचविशीची, खांदे भरलेले, चालताना उजवीकडे किंचित झुकत होती. चिपळूणकडची, कबड्डी खेळणारी, असं तिनेच सांगितलं. कोणी ऐकत नाही ना हे तिने मागे वळून पाहिलं.

"मॅडम, माझ्या पण गुडघ्यात इंजेक्शन मारलंय. स्पर्धेच्या आधी मारतात आमच्यात."

"कोणी सांगितलं घ्यायला?"

"सगळेच घेतात."

मी तिला बाकावर बसवलं. तिने पॅन्ट गुडघ्याच्या वर सरकवली. आत पाणी झालेलं हाताला लागत होतं. मी दाबल्यावर तिने ओठ चावला, पण आवाज काढला नाही. तिलाही तशीच सवय लागलेली होती.

"उद्या सकाळी क्लिनिकला ये," मी म्हणाले. "आणि तुझ्या कोचला बरोबर घेऊन ये. मला त्याच्याशी बोलायचंय."